डेझ ब्रायंटचा झेल: होता की नव्हता?

११ जानेवारी २०१५, ग्रीन बे. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगच्या बाद फेरीत डॅलस काउबॉइज ग्रीन बेविरुद्ध २१-२६ असे पिछाडीवर, जेमतेम पाच मिनिटं उरलेली. चौथ्या डाउनवर, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, डॅलसच्या टोनी रोमोनं लांब पास फेकला. त्याचा सहकारी डेझ ब्रायंटनं बचावपटूच्या वर उडी घेऊन चेंडू पकडला, पावलं टाकली आणि गोलरेषेकडे हात लांबवत तो कोसळला. जमिनीवर आपटताच चेंडू उसळला. त्यानं तो पुन्हा कवटाळला. पंचांनी आधी झेल दिला. मग ग्रीन बेच्या प्रशिक्षकांनी दाद मागितली आणि रिप्ले पाहून मुख्य पंच जीन स्टेराटोर यांनी निर्णय फिरवला. गुणफलक शेवटपर्यंत हलला नाही.

तेव्हाचा नियम असा: झेल घेताना खेळाडू पडत असेल, तर जमिनीला टेकल्यावरही चेंडूवरचा ताबा सुटता कामा नये. डॅलसवाले म्हणतात, पावलं पडली तिथेच झेल पुरा झाला. नियमावर बोट ठेवलं तर स्टेराटोर बरोबर होते. पण सगळ्यांना दिसलेला झेल नाकारणारा नियम काय कामाचा? २०१८मध्ये लीगनं ती अटच काढली. ताबा, दोन्ही पाय मैदानात आणि तिसरं पाऊल किंवा चेंडू पुढे नेण्याची हालचाल, एवढं आता पुरतं. स्टेराटोर त्याच वर्षी निवृत्त झाले आणि टीव्हीवर नियम समजावून सांगू लागले.