पेटी पाहून साप की साप पाहून पेटी?

शिरूर / दौंड (प्रतिनिधी) - घोड आणि भीमा नद्यांच्या काठच्या उसाच्या फडांत तोडणी सुरू झाली, की आडोसा हरवलेले साप बांधावर, पाचटात आणि क्वचित घरांच्या ओट्यावरही दिसू लागतात. पूर्वी अशा वेळी काठीच उगारली जात असे. आता निदान काही तरुण ती उगारत नाहीत, ही समाधानाची बाब आहे. मात्र त्या जागी एक नवाच प्रश्न पुढे आला आहे. घरात माशांची जुनी काचपेटी रिकामी पडली आहे, तिच्यात कोणता साप ठेवता येईल? पुण्यातील सदनिकांमध्येही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी तो उलटा करून पाहणे आवश्यक आहे.

कायदा आधी

शिरूर आणि दौंड तालुक्यांत आढळणारा कोणताही साप, मग तो विषारी असो वा बिनविषारी, पाळता येत नाही. धामण, तस्कर, दिवड, कवड्या, मांडूळ, अजगर, नाग, घोणस या सर्वांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षण आहे. अनुसूची एकमधील प्राण्यांच्या बाबतीत गुन्हा सिद्ध झाल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. अजगर याच अनुसूचीत येतो. सर्पमित्रांनाही पकडलेला साप घरी ठेवण्याचा अधिकार नाही. वन विभागाच्या परवानगीने तो पकडायचा आणि योग्य अधिवासात सोडायचा, एवढीच त्यांची भूमिका असते.

कायदेशीररीत्या पाळता येतात ते परदेशी जातींचे, बंदिवासात जन्मलेले साप. बॉल पायथन, केनियन सँड बोआ यांसारख्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार 'साइट्स' कराराने नियंत्रित केला आहे. अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांसाठी स्वतंत्र अनुसूची आली आणि त्यांच्या नोंदणीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये अधिसूचित झाले. त्यानुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर नोंद करावी लागते. कॉर्न स्नेक 'साइट्स'च्या यादीत नसला, तरी परवान्याविना आयात झालेला प्राणी वैध ठरत नाही. बँकॉकहून सामानात लपवून आणलेले साप मुंबई विमानतळावर २०२५ मध्येही पकडले गेले. त्यामुळे साप घेताना कागदपत्रे मागण्यात संकोच बाळगू नये.

पिल्लाचे माप फसवे

विक्रीला येतात ती बहुधा पिल्ले. बॉल पायथनचे नवजात पिल्लू जेमतेम फूट-सव्वा फुटाचे असते आणि ओंजळीत मावते. ते पाहून घेतलेली पेटी दोन-तीन वर्षांत अपुरी पडते. 'लहान पेटीत ठेवला तर साप लहानच राहतो,' हा समज सर्रास आढळतो, तो पूर्णतः चुकीचा आहे. सापाची वाढ आहार, तापमान आणि जात यांवर अवलंबून असते. लहान पेटीने वाढ थांबत नाही, फक्त हाल वाढतात. नाकपुड्यांजवळचा भाग काचेवर घासून जखमा होतात, स्नायू शिथिल पडतात, शरीर स्थूल होते.

म्हणूनच माप पिल्लाचे नव्हे, तर पूर्ण वाढलेल्या सापाचे घ्यावे. सापाच्या निम्म्या लांबीची पेटी पुरते, असे पूर्वी मानले जाई, कारण साप वेटोळे करूनच बसतो अशी समजूत होती. अलीकडच्या अभ्यासांतून साप अंग सरळ ताणूनही विश्रांती घेतात, हे पुढे आले आहे. त्यामुळे पेटीची लांबी निदान सापाच्या लांबीइतकी आणि रुंदी तिच्या निम्मी असावी, हा हिशेब आता अधिक योग्य ठरतो.

कोणता साप, केवढी जागा?

ज्यांच्याकडे तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद एवढीच जागा आहे, त्यांनी केनियन सँड बोआपलीकडे जाऊ नये. याची मादी साधारण दोन ते अडीच फुटांची, तर नर त्याहून बराच लहान असतो. मातीत पुरून घेणे हा त्याचा स्वभाव असल्याने पेटीची उंची त्याला फारशी उपयोगाची नाही. तळाशी निदान चार इंच भुसभुशीत थर मात्र हवा.

बॉल पायथन साधारणतः तीन ते पाच फुटांचा होतो आणि मादी नरापेक्षा मोठी असते. त्याला चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी ही किमान गरज समजावी. मादी पाच फुटांची झाली, की पेटीही त्याच मापाने वाढवावी लागते. हा साप लाजाळू असतो. लपण्याच्या जागा नसतील, तर मोठ्या पेटीतही तो अस्वस्थ होऊन खाणे सोडतो. कॉर्न स्नेकही जवळपास तेवढाच लांब, पण अंगाने सडपातळ आणि अधिक चपळ असतो. त्याला चढण्यासाठी फांद्या आणि बंदिस्त झाकण हवेच, कारण ज्या फटीतून डोके जाते तिच्यातून सारा साप निसटतो.

बोआ कन्स्ट्रिक्टर सहा-आठ फुटांपर्यंत सहज वाढतो. त्याला खोलीची एक अख्खी भिंत द्यावी लागते. दोन खोल्यांच्या घरात ते शक्य नसेल, तर तो विचारच सोडावा. बॉल पायथन नीट सांभाळल्यास वीस-तीस वर्षे जगतो, हेही लक्षात घ्यावे. शाळकरी मुलाच्या हट्टापायी आणलेला साप त्याच्या लग्नानंतरही घरात असू शकतो.

ऊन, थंडी आणि वीज

शिरूर, दौंड हा पर्जन्यछायेचा प्रदेश. उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो आणि हिवाळ्याच्या रात्री चांगल्याच गारठतात. सापाचे शरीर स्वतः उष्णता निर्माण करून तापमान राखत नाही. तो उबदार आणि थंड जागांमध्ये सरकून ते साधतो. त्यासाठी पेटीचे एक टोक सुमारे ३१-३२ अंश, तर दुसरे २५-२६ अंश सेल्सिअस राखावे लागते. लहान पेटीत हा फरक साधतच नाही, सगळी पेटी एकसारखीच तापते. जागेचा प्रश्न हा असा थेट सापाच्या प्रकृतीशी जोडलेला आहे.

पत्र्याच्या छताखालच्या खोलीत किंवा खिडकीतून ऊन येणाऱ्या जागी ठेवलेली काचपेटी मे महिन्यात काही तासांत जीवघेणी ठरू शकते. हिवाळ्यात वीज गेली की उलट संकट येते. तापमान नियंत्रक, दोन टोकांना दोन तापमापक आणि वीज नसताना काय करायचे याची तयारी हा खर्च सापाच्या किमतीत कुणी धरत नाही. तो धरावा.

ड्रममधले मांडूळ

या भागात सापाच्या बंदिवासाचे सर्वांत क्रूर रूप पाळीव सापांच्या पेटीत नव्हे, तर प्लास्टिकच्या ड्रममध्ये दिसते. मांडूळ घरात ठेवल्यास गुप्तधन सापडते, त्याला दोन तोंडे असतात, वजन जेवढे अधिक तेवढी किंमत मोठी, अशा भाकडकथांवर लाखोंचे व्यवहार ठरतात. मांडुळाची शेपटी बोथट असल्याने ती तोंडासारखी भासते, एवढेच यातील तथ्य. मऊ मातीत राहून उंदीर खाणारा हा निरुपद्रवी साप शेतकऱ्याचा मित्र आहे. पुणे जिल्ह्यात मांडूळ विकायला आलेल्यांना पोलिसांनी अनेकदा पकडले आहे. फसवणूक झालेला गिऱ्हाईकही अशा प्रकरणात आरोपीच ठरतो.

दुसरा धोका त्याहून गंभीर आहे. घोणस आणि लहान अजगर यांच्या अंगावरील ठिपक्यांत वरवर साम्य वाटते. अजगराचे पिल्लू समजून उचललेला साप घोणस निघाला, तर प्राणावर बेतते. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या रांगा असतात आणि डिवचल्यास ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. तरीही ही माहिती साप हाताळण्यासाठी नव्हे, तर त्याच्यापासून दूर राहण्यासाठी वापरावी. दंश झाल्यास मांत्रिक, चिरा, आवळपट्टी यांत वेळ न दवडता प्रतिसर्पविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे.

सापांविषयीचे कुतूहल भागविण्यासाठी पुणेकरांना दूर जावे लागत नाही. नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले. तेथे तासभर थांबून एखादा साप निरखल्यास त्याला किती हालचाल लागते, याची कल्पना येते. त्यानंतर घरातील रिकाम्या काचपेटीकडे पाहावे. बहुतेकांना ती मासे पाळण्यासाठीच बरी वाटेल.

साप घेण्यापूर्वी
- जात परदेशी आणि बंदिवासात जन्मलेली आहे का? कागदपत्रे मिळाली का?
- पूर्ण वाढलेल्या सापाच्या मापाची जागा घरात आजच आहे का?
- परगावी गेल्यास तापमान आणि पाणी कोण पाहणार?
- सापावर उपचार करणारा पशुवैद्य जवळपास आहे का?
- नको झालेला परदेशी साप शेतात, नदीकाठी कधीही सोडू नये.
- शेतात वा घरात साप दिसल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.