बुऱ्हाणपुरात घर घेताय? शेजार बघा, पण त्याआधी कॉलनीचा कागद बघा

बुऱ्हाणपूर : रावेर, मुक्ताईनगर, भुसावळ या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांची एखादी तरी सोयरीक बुऱ्हाणपुरात असते. कुणाची लेक तिथे दिलेली, कुणाचा मामा तिथला, कुणाचं केळीच्या नाहीतर कापडाच्या धंद्यामुळे जाणं-येणं. भुसावळ-खंडवा रेल्वेमार्गावरचं हे शहर इच्छापूरची सीमा ओलांडली की लगेच येतं. बाजारात मराठी चालते, गणपती धूमधडाक्यात बसतो. त्यामुळे तिथे प्लॉट किंवा घर घ्यायचं ठरलं, की परराज्यात व्यवहार करतोय असं कुणाला वाटतच नाही.

घोटाळा नेमका इथेच होतो. माणसं ओळखीची असली तरी कायदा आणि कागद मध्य प्रदेशचे असतात. 'डायव्हर्शन झालंय, उद्या रजिस्ट्री करून देतो' या एका वाक्यावर आयुष्यभराची पुंजी लावण्याआधी त्याचा अर्थ समजून घेतलेला बरा.

जुनं शहर आणि नव्या कॉलन्या

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बुऱ्हाणपूर आणि बुलढाणा जिल्ह्यातलं मलकापूर एकाच प्रांतात होते. त्या वर्षी विदर्भ मुंबई राज्यात गेला, निमाड मध्य प्रदेशात राहिला. पुढे १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडव्यातून वेगळा होऊन बुऱ्हाणपूर जिल्हा झाला.

शनवारा, इतवारा, बुधवारा अशी वारांची नावं असलेलं जुनं शहर परकोटाच्या आत दाटीवाटीने वसलेलं आहे. अनेक मोहल्ल्यांत घरातच पॉवरलूम चालतात. तिथे घर बघायला जायचं तर एकदा दिवसा आणि एकदा रात्री जावं, म्हणजे खटखट किती सहन होईल ते कळतं. काही जागा नजूलच्या, म्हणजे सरकारी मालकीच्या असू शकतात. तेव्हा घर कुणाचं आणि त्याखालची जमीन कुणाची, हे दोन्ही विचारावं.

मोकळी हवा आणि गाडी लावायला जागा हवी असलेली कुटुंबं परकोटाबाहेरच्या कॉलन्यांकडे, लालबाग-स्टेशनच्या बाजूला बघतात. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले प्लॉट प्रामुख्याने अशा बाहेरच्या भागातच असतात. म्हणून तिथे जास्त सावध राहायला हवं.

शब्द ओळखीचे, अर्थ वेगळे

आपल्याकडे सात-बारा, तिथे खसरा. आपला आठ-अ म्हणजे साधारणपणे तिथला बी-१. तलाठ्याच्या जागी पटवारी, फेरफाराच्या जागी नामांतरण, घरपट्टीच्या जागी संपत्तिकर. इसार म्हणजे बयाना, चतुःसीमा म्हणजे चौहद्दी, गहाण म्हणजे बंधक.

एका शब्दाला मात्र हमखास दचकायला होतं, तो म्हणजे 'कब्जा'. मराठीत कब्जा म्हटलं की कुणीतरी जागा बळकावल्याचं डोक्यात येतं. तिथल्या विक्रयपत्रात 'कब्जा दिया' म्हणजे फक्त ताबा दिला. उलट 'बंधक' हा शब्द वाचायला साधा वाटतो, पण तो दिसला की थांबायचं. कॉलनीची कामं पूर्ण होईपर्यंत हमी म्हणून विकसकाला काही प्लॉट पालिकेकडे बंधक ठेवावे लागतात. ते सुटल्याशिवाय विकता येत नाहीत. आपला प्लॉट त्यातला नाही ना, हे नकाशावरच्या नंबराने तपासावं.

डायव्हर्शन म्हणजे मंजुरी नव्हे

डायव्हर्शन म्हणजे शेतजमीन बिगरशेती वापरात दाखवणं, आपल्या भाषेत एनए. मध्य प्रदेशने २०१८ मध्ये महसूल कायदा बदलला. तेव्हापासून मालक स्वतःच हिशेब करून रक्कम भरतो आणि वापर बदलल्याची नोंद करून घेतो. म्हणजे डायव्हर्शनची पावती हा सारा भरल्याचा पुरावा झाला. रस्ते किती रुंद, बाग कुठे, नाली कशी जाणार, हे कुणी मंजूर केलंय असं त्यातून सिद्ध होत नाही.

ती मंजुरी नगर तथा ग्राम निवेश विभाग देतो. लोकांच्या बोलण्यात हीच 'टीएनसी'. तिथून अभिन्यास, म्हणजे लेआउट, मंजूर व्हावा लागतो. त्यानंतर विकसकाकडे कॉलोनायझरची नोंदणी आणि कॉलनीची विकास परवानगी असावी लागते. ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत घरं असलेले प्रकल्प सोडले, तर रेराची नोंदणीही लागते.

रजिस्ट्रीचंही तसंच. दोन माणसांमधला व्यवहार रजिस्ट्रीने नोंदला जातो, त्याने कॉलनी वैध होत नाही. महाराष्ट्रात गुंठेवारीच्या प्लॉटची जी रडकथा, तीच तिथे 'अवैध कॉलनी'ची. रजिस्ट्री हातात असते, पण भवन अनुज्ञा म्हणजे बांधकाम परवाना मिळत नाही आणि बँक कर्जाला नाही म्हणते. मध्य प्रदेश सरकारने २०२३ मध्ये ३१ डिसेंबर २०२२ पर्यंतच्या अनधिकृत कॉलन्या नियमित करण्याची घोषणा केली होती. पण 'पुढेमागे वैध होईलच' या भरवशावर नवा प्लॉट घेणं म्हणजे दुसऱ्याच्या चुकीचा दंड स्वतः भरायची तयारी ठेवणं.

खर्चाचा अंदाज

आपल्याकडच्या रेडी रेकनरला तिथे 'कलेक्टर गाइडलाइन' म्हणतात. शहरी हद्दीत मुद्रांक, उपकर आणि नोंदणी शुल्क मिळून साधारण साडेबारा टक्के खर्च येतो. महाराष्ट्रात नोंदणी शुल्क एक टक्का आणि तेही जास्तीत जास्त ३० हजार. तिथे ते तीन टक्के आहे. २०२१ पासून खरेदी बाईच्या नावावर असेल तर एकच टक्का लागतो.

समजा, रावेरच्या एका निवृत्त शिक्षकाने २० लाखांचा प्लॉट घेतला. स्वतःच्या नावावर घेतला तर वरचा खर्च अडीच लाखांच्या आसपास जाईल. पत्नीच्या नावावर घेतला तर त्यातले ४० हजार वाचतील. दर बदलत असतात, म्हणून सौद्याआधी गाइडलाइन आणि चालू शुल्क नोंदणी कार्यालयात विचारून घ्यावं. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात नोंदणीसाठी 'संपदा २.०' ही ऑनलाइन व्यवस्था सुरू झाली आहे.

पाणी, नाली आणि गणपती

कॉलनीचं सुख-दुःख या कागदांवरच ठरतं. कामं पूर्ण झाल्यावर वैध कॉलनी नगर निगमकडे हस्तांतरित होते. मग रस्ता, दिवे, नाली यांसाठी निगमच्या दारात हक्काने जाता येतं. हस्तांतरण झालं नसेल तर विकसक म्हणतो निगमकडे जा आणि निगम म्हणतं विकसकाकडे जा. पहिल्या पावसात रस्त्याचा चिखल होतो आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वर्गणीवरून वाद सुरू होतात.

पाण्याचं तर आधीच विचारावं : निगमची लाइन आहे की बोअर? बुऱ्हाणपूरला मुघल काळातला कुंडी भंडारा आहे. सातपुड्याच्या उतारावर मुरलेलं पाणी शंभरावर कुंड्या जोडणाऱ्या भुयारी मार्गाने, केवळ उताराच्या जोरावर शहराकडे आणलं गेलं. लालबागच्या बाजूला तो आजही बघता येतो. भूजल सगळ्यांचं एकच असतं, हे त्यावरून लक्षात यावं. प्रत्येक प्लॉटवर एक बोअर, अशी कॉलनी फार दिवस सुखाने नांदत नाही. तापी किंवा उतावली नदीजवळची जागा असेल तर पूर कुठवर येतो, हे जुन्या रहिवाशांना विचारावं.

राहायला गेल्यावर

कायम राहायला जाणाऱ्यांना समग्र आयडी काढावा लागतो. कुटुंबाचा आठ अंकी आणि प्रत्येक सदस्याचा नऊ अंकी. राज्याच्या बहुतेक योजनांना तो विचारतात. जातीच्या आरक्षणाचा लाभ राज्य बदलल्यावर आपोआप सोबत येत नाही. मुलांच्या शिक्षणाचा विचार करताना हे आधीच लक्षात घ्यावं.

बयाना देण्याआधी एवढं मागा

१. खसरा, बी-१ आणि नकाशा. विकणाऱ्याचंच नाव आहे ना?
२. टीएनसीचा मंजूर अभिन्यास, त्यावर आपला प्लॉट नंबर.
३. विकास परवानगी आणि बंधक प्लॉटची यादी.
४. रेरा नोंदणी क्रमांक.
५. कॉलनी निगमकडे हस्तांतरित झाली असेल तर त्याचा कागद.
६. मूळ जमीन आदिवासी खातेदाराची होती का? अशा जमिनीच्या विक्रीवर कायद्याची कडक बंधनं आहेत.

हे कागद तिथल्याच वकिलाकडून तपासून घ्यावेत, दलालाने आणलेल्या वकिलाकडून नको. आणि जागा बघायला गेल्यावर कॉलनीतल्या लोकांना विचारावं, गणपती कुठे बसवता? ते ज्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवतील, ती मंजूर नकाशात शोधावी. तिथे 'उद्यान' लिहिलेलं असेल तर पुढची बोलणी करायला हरकत नाही. तिथे विक्रीच्या प्लॉटचा नंबर दिसला, तर बयाना खिशातच ठेवावा.