छोट्या ट्रॅक्टरला मोठे कुट्टीयंत्र का पेलत नाही?

एप्रिल महिन्यातली गोष्ट. निफाड तालुक्यातून आमच्या महाविद्यालयात येणारा एक विद्यार्थी तास संपल्यावर हातात माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे आला. त्यांच्या द्राक्षबागेची खरड छाटणी नुकतीच झाली होती. बांधावरच्या आंब्या-पेरूच्या जुन्या फांद्याही उतरवल्या होत्या. दरवर्षी हा सारा काडीकचरा पेटवून देत. यंदा त्याचे बारीक तुकडे करून बागेतच पसरायचे, असे त्याच्या वडिलांनी ठरवले होते. घरी २० अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर होता.

"सर, दुकानदार म्हणतो, १५ सेंटिमीटर जाडीची फांदी खाणारे यंत्र घ्या. वडील म्हणतात, १० सेंटिमीटरचे पुरे. खरे कोणाचे?"

मी म्हटले, "फळ्यावर हिशेब मांडू. उत्तर आपोआप मिळेल." तोच हिशेब, विद्यार्थी मित्रांनो, आज तुमच्यासमोर मांडतो.

कडबाकुट्टीचे भावंड

खेड्यातील बहुतेकांनी कडबाकुट्टी पाहिलेली असते. एक मोठे जड चाक, त्याला बसवलेली पाती आणि कडबा आत ओढणारे दोन दातेरी रूळ. फांद्यांची कुट्टी करणारे यंत्र, ज्याला चिपर म्हणतात, ते याच जातीचे. फरक इतकाच, की त्याचे चाक अधिक जड असते आणि ते ट्रॅक्टरच्या शक्तीवर फिरते.

ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूस एक फिरता दांडा असतो. त्याला पी. टी. ओ. म्हणतात. तो साधारणपणे मिनिटाला ५४०, म्हणजे सेकंदाला ९ फेरे घेतो. यंत्र त्यालाच जोडायचे असते.

यंत्र निवडताना पहिला प्रश्न हा, की कापायचे काय? द्राक्षाच्या बोटाएवढ्या काड्या आणि पालापाचोळा असेल, तर हातोड्यांनी झोडपून चुरा करणारा श्रेडर बरा. मनगटाएवढ्या ओल्या फांद्या असतील, तर धारदार पात्यांचा चिपर हवा. माझ्या विद्यार्थ्याकडे फांद्यांचा ढीग मोठा होता, म्हणून आपण चिपरचाच विचार करू.

मिळकत आणि शिल्लक

इंजिनाची सगळी शक्ती पी. टी. ओ.पर्यंत पोचत नाही. दातेरी चाकांचे घर्षण वगैरेंत काही खर्च होते. २० पैकी १७ अश्वशक्ती हाती आली असे धरू. १ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. तेव्हा आपल्याला सुमारे १२,७०० वॅट, म्हणजे दर सेकंदाला १२,७०० ज्यूल ऊर्जा मिळते. ही झाली मिळकत.

आता यंत्राचे जड चाक पाहू. यांत्रिकीत त्याला प्रचक्र किंवा फ्लायव्हील म्हणतात. समजा, ते ६० किलोग्रॅमचे, ३० सेंटिमीटर त्रिज्येचे आणि सगळीकडे सारख्या जाडीचे आहे. मिनिटाला ५४० फेऱ्यांवर त्यात सुमारे ४,३०० ज्यूल गतिज ऊर्जा साठते. पट्टा आणि कप्पी लावून त्याचे फेरे दुप्पट, म्हणजे १,०८० केले, तर ऊर्जा चौपट होते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आता चाकात सुमारे १७,३०० ज्यूल आहेत. ही झाली शिल्लक.

इंजीन मिळकत देते आणि प्रचक्र शिल्लक सांभाळते. फांदीत मध्येच गाठ आली, की शिल्लक उपयोगी पडते. पण रोजचा खर्चच मिळकतीहून जास्त असेल, तर शिल्लक किती पुरणार?

जाडी दीडपट, काम सव्वादोनपट

आपल्या चाकावर दोन पाती आहेत. चाक सेकंदाला १८ फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ३६ काप. १२,७०० ला ३६ ने भागले, तर प्रत्येक कापासाठी सुमारे ३५० ज्यूल मिळतात. हिशेबापुरते धरू, की एवढ्या ऊर्जेत ७ सेंटिमीटर जाडीच्या ओल्या फांदीचा एक सेंटिमीटरचा तुकडा पडतो.

फांदी १० सेंटिमीटर जाड असेल तर? लाकडाच्या छेदाचे क्षेत्रफळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून प्रत्येक कापाला दुप्पट, सुमारे ७०० ज्यूल लागतील. वरचे ३५० शिल्लकीतून काढावे लागतील. १७,३०० ज्यूल अशा ४९ कापांत संपतात. तोवर जवळजवळ अर्धा मीटर, म्हणजे हातभर फांदी कापून होते. प्रत्यक्षात चाक त्याच्या कितीतरी आधीच मंदावते. तेव्हा फांदी निम्म्या वेगाने आत सोडली, की हिशेब जुळतो.

आणि १५ सेंटिमीटरची फांदी? १० सेंटिमीटरच्या दीडपट जाडी, पण काम सव्वादोनपट! प्रत्येक कापाला सुमारे १,६०० ज्यूल. शिल्लक १४ कापांत, अर्ध्या सेकंदाच्या आत संपेल. वीतभरही फांदी आत जाणार नाही आणि इंजीन गुदमरून बंद पडेल. याहून मोठे प्रचक्र घेतले तरी बंद पडण्याची वेळ थोडी लांबेल, एवढेच.

माहितीपत्रकातला १५ चा आकडा यंत्राच्या तोंडाचा असतो, ट्रॅक्टरच्या ताकदीचा नव्हे. म्हणून यंत्राला किती पी. टी. ओ. अश्वशक्ती लागते, ते आधी वाचावे. शिवाय काही यंत्रांत अशी सोय असते, की चाकाचा वेग उतरला की फांदी ओढणारे रूळ आपोआप थांबतात. चाकाने वेग घेतला की पुन्हा सुरू होतात. लहान ट्रॅक्टरला अशी सोय फार मोलाची.

तरफेचा हिशेब

यंत्र ट्रॅक्टरच्या मागे, हायड्रॉलिक लिफ्टवर उचललेले असते. मागची चाके म्हणजे टेकू आणि ट्रॅक्टर म्हणजे तरफ. समजा, ८०० किलोग्रॅमच्या ट्रॅक्टरचा ३२० किलोग्रॅम भार पुढच्या चाकांवर आहे आणि दोन्ही आसांत दीड मीटर अंतर आहे. २५० किलोग्रॅमच्या यंत्राचा गुरुत्वमध्य मागच्या आसापासून ०.८ मीटर मागे असेल, तर पुढचा भार सुमारे १३३ किलोग्रॅमने कमी होतो. ४०० किलोग्रॅमचे यंत्र एक मीटर मागे असेल, तर २६७ किलोग्रॅमने! पुढे उरतात जेमतेम ५३ किलोग्रॅम. चढावर असा ट्रॅक्टर पुढून उचलला जाईल आणि सुकाणू फिरवूनही वळणार नाही.

चाक लगेच थांबत नाही

आता सर्वांत महत्त्वाचे. १७,३०० ज्यूल म्हणजे किती? ५० किलोग्रॅम वजनाच्या मुलाला ३५ मीटर उंच उचलण्याइतकी ऊर्जा! ट्रॅक्टर बंद केला तरी ती चाकात तशीच असते. अडकलेला तुकडा काढायला कोणी लगेच हात घातला, तर चाक त्याला क्षमा करत नाही. इंजीन बंद करून किल्ली खिशात ठेवावी आणि चाक पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी.

फांदी आत जाण्याचा वेग सेकंदाला ३६ सेंटिमीटर आहे. यंत्राच्या तोंडापासून पाती एक मीटर आत असली, तर फांदीत अडकलेली बाही तीन सेकंदांच्या आत तिथे पोचते. म्हणून तोंड लांब हवे आणि रूळ झटकन थांबवणारा दांडा हाताशी हवा. मळणीयंत्रांत हात जाण्याचे अपघात फार होऊ लागले, तेव्हा १९८३ साली धोकादायक यंत्रांसाठी देशात वेगळा कायदाच करावा लागला.

फिरत्या दांड्यावरचे झाकणही तितकेच महत्त्वाचे. ७ सेंटिमीटर जाडीचा उघडा दांडा सेकंदाला ९ फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला सुमारे दोन मीटर कापड गुंडाळतो. ओढणी, पदर, उपरणे, कशालाही तेवढा वेळ पुरतो.

आणखी दोन लहान भाग तपासावेत. एक, ठरावीक जोरापलीकडे स्वतः तुटणारा बोल्ट. विजेच्या मंडलात फ्यूज जे करते, तेच तो इथे करतो. दुसरा, एकाच दिशेने जोर देणारा क्लच. तो नसेल, तर काही ट्रॅक्टरांत क्लच दाबल्यावरही फिरते प्रचक्रच ट्रॅक्टरला पुढे ढकलते.

हा दुसरा भाग घरी समजून घ्यायचा असेल, तर सायकल उलटी ठेवा. पॅडल जोराने फिरवून सोडून द्या. पॅडल थांबले तरी मागचे चाक फिरत राहते. ही फ्रीव्हीलची करामत. आता वर्तमानपत्राची जाड घडी टायरवर दाबून चाक थांबवा. आधी हळू फिरवून आणि मग जोरात फिरवून पाहा. थांबवायला लागणारा फरक हाताला कळेल. मात्र आऱ्यांत बोट घालू नका.

आठवड्याने तो विद्यार्थी परत आला. त्यांनी १० सेंटिमीटरचे, रूळ आपोआप थांबणारे यंत्र ठरवले होते. "पण अजून आणले नाही, सर," तो म्हणाला. "दांड्यावर झाकण नव्हते. वडील म्हणाले, झाकण आल्याशिवाय पैसे देणार नाही."

मी त्याला म्हटले, "हिशेब तुझ्या वडिलांना आपल्याहून चांगला कळला."