नुकसान झाले, पण जबाबदार कोण?



आपल्या चलथाण परिसरात मिल आहेत, लूमची खाती आहेत, साखर कारखाना आहे आणि दिवसरात्र वाहणारा महामार्ग आहे. सभासदांच्या घरांतील कर्ती माणसे इथेच राबतात. अपघात झाला की घरचे लोक दोन टोकांना जातात. काही जण म्हणतात, "नशिबात होते, कोणाला काय बोलायचे?" काहींना वाटते, नुकसान झाले म्हणजे समोरच्याने पैसे दिलेच पाहिजेत. कायदा या दोन्हींच्या मधून चालतो. तो कसा चालतो, हे प्रत्येक घराला ठाऊक असावे म्हणून हा लेख.

चार प्रश्न

भरपाईच्या दाव्यात न्यायालय साधारण चार गोष्टी पाहते. समोरच्यावर काळजी घेण्याचे कर्तव्य होते का? त्याने ते मोडले का? त्यामुळेच इजा झाली का? आणि प्रत्यक्ष नुकसान किती झाले? पहिल्या तीनपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले, तर दावा सहसा टिकत नाही.

याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून त्याला पुण्याला आणले गेले आणि त्याच रात्री तो गेला. आईवडिलांनी दावा केला. पूर्ण भूल न देता, माणसांकरवी जोर लावून पाय ओढला आणि त्या धक्क्याने मुलगा दगावला, असे त्यांचे म्हणणे होते. डॉक्टरांच्या मते मृत्यूचे कारण वेगळेच होते.

'लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले' या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६८ मध्ये निकाल आईवडिलांच्या बाजूने लागला. खालच्या न्यायालयाने ठरवलेली भरपाई तीन हजार रुपये होती. रक्कम लहान, पण निकाल मोठा. न्यायालयाने सांगितले की डॉक्टरकडून सर्वोच्च कौशल्याची अपेक्षा नाही, वाजवी कौशल्य आणि वाजवी काळजी मात्र हवीच. रुग्ण घ्यायचा की नाही, कोणते उपचार करायचे आणि ते कसे करायचे, या तिन्ही पायऱ्यांवर ती हवी. म्हणजे रुग्ण बरा झाला नाही एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही. कुठे चूक झाली आणि त्या चुकीनेच इजा झाली, हे दाखवावे लागते.

चूक सिद्ध करावी लागत नाही तेव्हा

काही बाबतींत हा भार कायद्याने हलका केला आहे.

कामावरचा अपघात: काम करताना आणि कामामुळे इजा झाली, तर मालकाची चूक दाखवण्याची गरज नसते. १९२३ च्या कायद्यापासून हे तत्त्व चालत आले आहे. कामगार ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत. ईएसआयचा विमा असेल तर लाभ तिथून मिळतात, म्हणून कार्ड जपून ठेवावे.

रस्त्यावरचा अपघात: मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे कोणाची चूक हे न पाहता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. वाहन पळून गेले आणि सापडले नाही, तर सरकारी योजनेतून अनुक्रमे दोन लाख आणि पन्नास हजार. यापेक्षा मोठी भरपाई हवी असेल तर कलम १६६ खाली दावा करावा लागतो. तिथे चालकाची चूक दाखवावी लागते आणि आपलीही चूक निघाली तर त्या प्रमाणात रक्कम कमी होते. ठरावीक रक्कम स्वीकारली की मोठा दावा संपतो, म्हणून सही करण्यापूर्वी वकिलाला विचारा.

घातक उद्योग: डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ठरवले, की धोकादायक धंदा करून नफा कमावणाऱ्याने त्यातून होणारी हानी भरून द्यावी. 'आम्ही सगळी काळजी घेतली होती' ही सबब चालणार नाही. हा विषय आपल्यापासून दूर नाही. ६ जानेवारी २०२२ रोजी सचिन जीआयडीसीत टँकरमधून नाल्यात रसायन सोडले जात असताना विषारी वायू पसरला आणि सहा कामगार मरण पावले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने स्वतःहून हे प्रकरण हाती घेतले. अपघातात दोषाचा पुरावा न मागता जबाबदारी ठरवावी, असे त्याच्या कायद्यातच लिहिले आहे.

चालकाची चूक, मालकाची जबाबदारी

नोकराने कामाच्या ओघात केलेल्या चुकीसाठी मालकही जबाबदार असतो. म्हणून ट्रकचालक गरीब असला तरी दावा बुडत नाही, कारण मालक आणि विमा कंपनी दोघेही प्रतिवादी होतात.

फौजदारी खटला आणि भरपाई या मात्र वेगळ्या वाटा आहेत. शिक्षेसाठी पुरावा संशयापलीकडचा लागतो आणि डॉक्टरांच्या बाबतीत तर निष्काळजीपणा ढळढळीत असावा लागतो. भरपाईसाठी, कोणाची बाजू अधिक संभवनीय हे पाहिले जाते. त्यामुळे आरोपी सुटला म्हणून भरपाईचा हक्क आपोआप जात नाही.

घरच्यांनी काय करावे?

एफआयआरची प्रत, उपचारांचे कागद, पगाराचा पुरावा आणि साक्षीदारांचे फोन नंबर पहिल्याच आठवड्यात गोळा करावेत. मोटार अपघाताच्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. ग्राहक आयोगाकडे, उदाहरणार्थ खासगी रुग्णालयाविरुद्ध, तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे. मोटार अपघाताचा दावा अपघात झाला तिथे किंवा अर्जदार राहतो तिथेही करता येतो. मुलगा चलथाणला गेला आणि आईवडील नंदुरबारला असले, तर त्यांना तारखांसाठी सुरतला यायची सक्ती नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, मुले, औद्योगिक कामगार आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना तिथे मोफत मदत मिळते. राष्ट्रीय मदतक्रमांक १५१०० आहे.

दुःखाच्या दिवसांत कागदांचा विचार करणे कठीण असते. अशा वेळी शेजाऱ्याने, भाऊबंदाने किंवा मंडळातल्या कोणी तरी ती फाईल हातात घ्यावी. त्या घराला याहून मोठा आधार नाही.