विस्तारित वर्णपट कालस्पंद

संगणकीय मंडले ज्या स्पंदांच्या तालावर चालतात, त्यांची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) किंचित व नियमितपणे बदलती ठेवण्याची पद्धत. स्थिर स्पंदांची विद्युत् चुंबकीय ऊर्जा मूळ कंप्रतेवर व तिच्या पूर्णांकी पटींवर एकवटते. उदा., २५ मेगॅहर्ट्‌झची चौथी पट १०० मेगॅहर्ट्‌झ होते. अकोला व अमरावती येथील आकाशवाणीचे कार्यक्रम ज्या ८८ ते १०८ मेगॅहर्ट्‌झ पट्ट्यात ऐकू येतात, त्यातच ती पडते व जवळच्या रेडिओत खरखर उत्पन्न होऊ शकते. विस्तारामुळे ऊर्जेचे शिखर बसके होते. एकूण ऊर्जा मात्र घटत नाही. त्यामुळे या पद्धतीस उत्तम धातुकवचाचा पर्याय मानणे योग्य नव्हे. हार्डिन, फेस्लर व बुश यांनी १९९४ मध्ये तिचे विवेचन केले.

एकच संकलित मंडल निरनिराळ्या फलकांवर बसविले जाते व प्रत्येक फलकाची गरज वेगळी असते. म्हणून विस्ताराची मूल्ये चालक आज्ञावलीत न लिहिता ‘डिव्हाइस ट्री’ या यंत्रवर्णनात लिहिणे श्रेयस्कर. कोणत्या नोंदीचा अर्थ काय, हे ‘बाइंडिंग’ नावाचे संकेत ठरवितात. विस्ताराची दिशा, खोली व बदलाची कंप्रता ही तीन मूल्ये आवश्यक असतात. दिशेची निवड विशेष काळजीने करावी लागते : मध्यवर्ती विस्तारात कंप्रता कमाल मर्यादेपलीकडे जाऊन मंडल चुकू शकते. १०० मेगॅहर्ट्‌झवर ०·५ टक्का अधोगामी विस्तार दिल्यास हे टळते, परंतु सरासरी ९९·७५ मेगॅहर्ट्‌झ उरते. तीवर चालणारे घड्याळ दुरुस्तीविना दिवसाला ३ मिनिटे ३६ सेकंद मागे पडते.