थांबलेल्या वराती आणि वादकांचे अर्थकारण : जबलपूरचा अनुभव

मध्य प्रदेशातील कोरोनाचे पहिले चार रुग्ण २० मार्च २०२० रोजी जबलपूरमध्ये आढळले. त्यानंतर पाच दिवसांनी देशव्यापी टाळेबंदी लागू झाली आणि नर्मदाकाठच्या या शहरातील वराती, जागरणे व मिरवणुका थांबल्या. दुकाने, कारखाने आणि बांधकामे त्याच वर्षी टप्प्याटप्प्याने सुरू झाली. बँडवादकांच्या कामाला मात्र पूर्वपदावर येण्यास बराच अधिक काळ लागला. त्याचे कारण केवळ निर्बंधांत नसून या व्यवसायाच्या रचनेतही आहे.

एकच वाद्य, दोन उपजीविका

जबलपूर हे छावणीचे शहर आहे. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या रेजिमेंटची प्रशिक्षण केंद्रे येथे आहेत. लष्करी बँडमधील वादकाला मासिक वेतन, वैद्यकीय सुविधा आणि निवृत्तिवेतन मिळते. त्याच शहरात लग्नाच्या वरातीत ट्रम्पेट, क्लॅरिनेट व ढोल वाजवणाऱ्या खासगी बँडचीही मोठी परंपरा असून श्याम बँडसारखे नाव शहराबाहेरही परिचित आहे. मात्र अशा बँडमधील वादकाची मिळकत हंगामावर अवलंबून असते. हंगामापूर्वी मालकाकडून उचल घ्यायची, वराती वाजवून ती फेडायची आणि उरलेल्या रकमेवर घर चालवायचे, अशी ही पद्धत आहे. लेखी करार, भविष्यनिर्वाह निधी वा विमा यांचा त्यात सहसा समावेश नसतो.

३ मे २०२० रोजी करोना योद्ध्यांच्या सन्मानार्थ सैन्यदलांच्या बँडपथकांनी देशभरातील रुग्णालयांबाहेर वादन केले. त्या वेळी खासगी बँडची तशीच वाद्ये कुलूपबंद खोल्यांत पडून होती.

मुहूर्तांचे गणित

टाळेबंदीचा फटका इतका तीव्र का ठरला, हे पंचांगावरून स्पष्ट होते. उत्तर व मध्य भारतात मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत खरमास असल्याने विवाह होत नाहीत. त्यानंतर सुरू होणारी लग्नसराई जूनअखेरपर्यंत चालते आणि वर्षाच्या उत्पन्नाचा मोठा भाग याच काळात मिळतो. २०२० मध्ये अक्षय्य तृतीया २६ एप्रिलला, म्हणजे टाळेबंदीतच आली. मे महिन्यात विवाहांना परवानगी होती, पण केवळ पन्नास जणांच्या उपस्थितीत. अशा विवाहात वरातीला आणि बँडला जागाच नव्हती.

१ जुलैला चातुर्मास सुरू झाला. त्या वर्षी अधिक आश्विन मास आल्याने तो चारऐवजी सुमारे पाच महिने चालला आणि देवउठनी एकादशी २५ नोव्हेंबरला आली. एरवी या काळात गणेशोत्सव, दुर्गापूजा आणि दसऱ्याच्या मिरवणुका वादकांना आधार देतात. जबलपूरचा दसरा तर प्रसिद्धच आहे. मात्र त्या वर्षी उत्सवांवरही निर्बंध होते.

नोव्हेंबर-डिसेंबरमधील काही दिवसांच्या मुहूर्तांनंतर पुन्हा खरमास आला. पाठोपाठ जानेवारीच्या मध्यापासून आधी गुरूचा आणि मग शुक्राचा अस्त आल्याने एप्रिलच्या मध्यापर्यंत मुहूर्त जवळजवळ नव्हते. ते सुरू होण्याच्या सुमारास दुसरी लाट उसळली. परिणामी वर्षभराहून अधिक काळात वादकांच्या वाट्याला मोजकेच आठवडे काम आले. टाळेबंदीचे दिवस मोजून हे नुकसान समजत नाही. हुकलेल्या हंगामाची भरपाई पुढच्या महिन्यात होत नाही, तर थेट पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागते.

तग धरण्याचे मार्ग

काम थांबले तरी उचल अंगावर राहिली. देशभरातील बँडवादकांपैकी अनेकांनी शेतमजुरी, बांधकाम, हातगाडीवर भाजीविक्री असे पर्याय शोधले. काहींवर वाद्ये विकण्याची वा गहाण टाकण्याची वेळ आली. वाद्य गेले की हंगाम परतूनही काम परत मिळत नाही, म्हणून हा शेवटचा उपाय मानला जातो. शास्त्रीय गायन-वादन शिकवणाऱ्यांना मोबाईलवरून शिकवण्या घेता आल्या. वरातीचा ट्रम्पेटवादक मात्र मोबाईलवरून वरात वाजवू शकत नव्हता.

मदतीची चौकट

प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेतून शिधापत्रिकाधारकांना दरमहा प्रतिव्यक्ती पाच किलो धान्य मोफत मिळाले. या आधाराने अनेक घरांची चूल पेटती राहिली. परंतु उपजीविकेच्या योजनांत वादक ही स्वतंत्र नोंदच नव्हती. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वनिधी योजनेत फेरीवाल्यांना दहा हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळू लागले. त्यासाठी २४ मार्च २०२० रोजी वा त्यापूर्वी विक्रीव्यवसाय असणे आवश्यक होते. टाळेबंदीनंतर हातगाडी लावणारा वादक या अटीत बसत नव्हता. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये लोककलावंतांसाठी पाच हजार रुपयांचे एकरकमी साहाय्य जाहीर केले, पण ती तात्पुरती मदत होती.

फ्रान्समध्ये याहून वेगळी व्यवस्था आहे. तेथे अधूनमधून काम मिळणाऱ्या कलावंतांसाठी स्वतंत्र बेरोजगारी विमा असून वर्षभरात ५०७ तास काम केल्याची नोंद असल्यास त्याचा लाभ मिळतो. महामारीत ही अट पूर्ण करणे अशक्य झाल्याने तेथील सरकारने ऑगस्ट २०२१ अखेरपर्यंत लाभाची मुदत वाढवली. कामाची नोंद आधीपासून असल्यामुळेच मदत कोणाला द्यायची, हा प्रश्न तेथे नव्याने सोडवावा लागला नाही.

नोंदणीचा प्रश्न

भारतात २६ ऑगस्ट २०२१ रोजी असंघटित कामगारांसाठी ई-श्रम पोर्टल सुरू झाले. वादकही त्यावर नोंदणी करू शकतात. २०२३ मध्ये आलेल्या विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत मात्र वादनाचा समावेश झाला नाही.

निर्बंध उठल्यानंतर जबलपूरच्या रस्त्यांवर वराती पुन्हा निघू लागल्या, पण उचलीची पद्धत बदललेली नाही. नोंदणी, कामाचा लेखी पुरावा आणि हंगाम बुडाल्यास विम्याचे संरक्षण, या तीन गोष्टी नसतील तर पुढील संकटातही वादकाला मालकाच्या उचलीवर आणि स्वतःचे वाद्य गहाण टाकण्यावरच विसंबावे लागेल.