राखीव प्रतीचे घर बंद असते तेव्हा

गावोगावच्या शाळांच्या कचेरीत आता संगणक आहे. जनरल रजिस्टरातल्या नोंदी, हजेरी, निकालपत्रके, शिष्यवृत्तीच्या याद्या, सारे काही त्याच्या पोटात. पण संगणकाची डिस्क हे एक यंत्र आहे, आणि यंत्र केव्हातरी बंद पडायचेच. म्हणून शहाणी शाळा या साऱ्याची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवते. तिला बॅकअप म्हणतात. आपण तिला राखीव प्रत म्हणू या.

ही प्रत पुष्कळदा एका लहानशा पेटीत ठेवतात. पेटीत एकदोन डिस्का असतात आणि ती तारेने राऊटरला जोडलेली असते. तिला ‘नॅस’ असे नाव आहे. संगणकातले बॅकअपचे सॉफ्टवेअर ठराविक वेळी उठते, नेटवर्कवरून या पेटीपर्यंत जाते आणि दिवसभरात जे बदलले त्याची प्रत तिथे ठेवून येते. पण एखाद्या दिवशी पेटीच सापडली नाही तर? पडद्यावर सूचना येते : ‘ठिकाण उपलब्ध नाही.’ अशा वेळी सेटिंगमध्ये काय बदलावे आणि कशाला हात लावू नये, एवढ्याच विषयावर मला आज आपल्याशी बोलायचे आहे.

आधी एका शाळेत घडलेली हकीकत सांगतो. जून महिन्यात वादळ झाले, वीज गेली आणि पेटी बंद पडली. संगणकावर रोज सूचना येऊ लागली. लिपिक बिचारे प्रवेशाच्या गर्दीत. चारआठ दिवस त्यांनी सोसले, मग वैतागून ती सूचनाच बंद करून टाकली. पडदा कसा स्वच्छ झाला! ऑगस्टात संगणकाची डिस्क गेली. पेटी उघडून पाहिली तर शेवटची प्रत जूनची. दोन महिन्यांचे प्रवेश कागदी अर्जांवरून पुन्हा भरावे लागले. एका मुलीला दुसऱ्या जिल्ह्यात प्रवेश घ्यायचा होता, तिचा शाळा सोडल्याचा दाखला तेवढ्यासाठी अडून राहिला. लिपिकांनी सेटिंग बदलले होते खरे, पण नेमके बदलू नये तेच.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, सूचना आली की सेटिंगकडे धावू नका. आधी पेटीकडे जा. दिवा लागला आहे का? तार उंदराने कुरतडली नाही ना? पासवर्ड कोणी बदलला का? हे सारे ठीक असेल तर पत्ता पाहा. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला राऊटर एक आकडी पत्ता देतो. वीज जाऊन आली की तो पेटीला कधी कधी नवा पत्ता देतो. सॉफ्टवेअर मात्र जुन्याच घराची कडी वाजवीत बसते! पेटी शाबूत, प्रती शाबूत, बदलले आहे ते फक्त घराचे नाव. अशा वेळी राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन पेटीचा पत्ता कायमचा नेमून द्यावा. बॅकअपच्या सेटिंगला हात लावण्याची गरजच उरत नाही.

पेटी खरोखर बिघडली असेल आणि दुरुस्तीला आठवडे लागणार असतील, तर मात्र सेटिंग बदलावे लागते. तिथे तीन कामे करावीत.

पहिले काम तात्पुरत्या जागेचे. एक यूएसबी डिस्क आणावी आणि प्रत ठेवण्याचे ठिकाण म्हणून ती निवडावी. जुने ठिकाण यादीतून पुसू नये. शक्य असेल तिथे नवीन ठिकाण जुन्याच्या जोडीला घालावे. पहिल्या वेळी सगळ्याची प्रत नव्याने निघते, म्हणून वेळ लागेल. घाबरू नये.

दुसरे काम मुदतीचे. पुष्कळ सॉफ्टवेअरांत ‘अमुक दिवसांपेक्षा जुन्या प्रती पुसा’ असे सेटिंग असते. एरवी ते सोयीचे, कारण जागा वाचते. पण पेटी महिनाभर बंद राहिली आणि मुदत तीस दिवसांची असली, तर पेटी पुन्हा जोडली जाताच काही सॉफ्टवेअरे जुन्या प्रती मुदतबाह्य म्हणून पुसायला घेतात. नव्या प्रती अजून तयार नाहीत आणि जुन्या गेल्या, अशी गत व्हायची. म्हणून पेटी परत जोडण्याआधी ही पुसापुशी थांबवावी. विंडोजमधल्या ‘फाइल हिस्टरी’त हे सेटिंग मुळात ‘कायम ठेवा’ असेच असते. कोणी ते बदलले असेल तर तिथेच परत आणावे.

तिसरे काम सूचनेचे. ती बंद करू नये. उलट आणखी एका माणसाकडे, म्हणजे मुख्याध्यापकांकडे, जाईल अशी करावी. आणि ती पोचते का, हेही पाहावे. २०१७ सालच्या ३१ जानेवारीला ‘गिटलॅब’ या मोठ्या संगणक-सेवेत एका अभियंत्याच्या हातून चालू माहितीसाठा पुसला गेला. राखीव प्रती पाहिल्या तर साठवणीची जागा रिकामी! प्रत काढण्याचे काम कित्येक दिवस फसत होते. त्याच्या सूचना ईमेलने निघत होत्या, पण त्या मेलवर योग्य ती ओळख नसल्यामुळे त्या परत लोटल्या जात होत्या. सुमारे सहा तासांपूर्वी हाताने काढलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावले. एवढ्या जाणत्या लोकांचे असे होते, मग आपण तर जपूनच असले पाहिजे, नाही का?

इथे कोणी म्हणेल, “पेटी नसली तरी आमचे सॉफ्टवेअर प्रती काढतेच.” हे अर्धे खरे आहे. २०१२ साली विंडोज ८ बरोबर आलेली फाइल हिस्टरी पेटी सापडेना झाली की प्रती काही काळ संगणकाच्याच डिस्कवर जपते आणि पेटी आली की तिकडे पोचवते. मॅक संगणकावरची ‘टाइम मशीन’ही साधारण दर तासाला डिस्कची एक नोंद तिथल्या तिथे घेते आणि चोवीस तास ठेवते. चुकून पुसलेली फाइल यातून परत मिळते, हे खरे. पण संगणकाची डिस्कच गेली, तर मूळ आणि प्रत दोन्ही एकदम गेली. बियाण्याची दोन पोती एकाच गळक्या खोलीत ठेवण्यासारखेच हे झाले.

शेवटचे, आणि बहुतेक जण विसरतात ते. जे सेटिंग बदलाल ते वहीत लिहून ठेवा : तारीख, आधी काय होते, आता काय केले. पेटी दुरुस्त होऊन आली की ठिकाण परत तिच्यावर आणा. मग आजच्या तारखेची प्रत तिथे पडली का, ते डोळ्यांनी पाहा. एखादे निकालपत्रक तिच्यातून परत काढून उघडा. ते नीट उघडले, की मगच मुदतीचे सेटिंग पूर्ववत करा. यूएसबी डिस्क लगेच कोरी करू नका. एखादा महिना कपाटात, कुलपात राहू द्या.

गुरुजन हो, हे काम दहा मिनिटांचे आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी, हजेरीचा गोषवारा काढताना, शेवटच्या प्रतीची तारीखही पाहायची, एवढी सवय लावून घ्या. ती तारीख कालची असेल तर निर्धास्त व्हा. महिन्यापूर्वीची असेल, तर खुर्चीतून उठा आणि पेटीचा दिवा लागला आहे का ते बघा.